स्वस्त डस्ट सेन्सरचा आकडा खरा की खोटा, कसं बघाल

सेन्सर नवा असला तरी त्याच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका, कारण तो धूळ वजन करत नाही, कणांवरून उडालेला प्रकाश मोजून अंदाज बांधतो, त्यामुळे सिमेंटची धूळ आणि वेल्डिंगचा धूर त्याला वेगवेगळे दिसतात. आधी २-३ सेन्सर शेजारीशेजारी ठेवून आपसात जुळतात का ते बघा. मग त्यांच्याच बाजूला पंप आणि फिल्टरवालं सँपलर (हवा ओढून तिच्यातली धूळ फिल्टरवर गोळा करणारं यंत्र) पूर्ण शिफ्टभर चालवा, फिल्टरच्या आधीच्या-नंतरच्या वजनातल्या फरकाला पंपाने ओढलेल्या एकूण हवेने भागा, आलेल्या आकड्याचा सेन्सरच्या सरासरीशी रेशो काढा, तोच तुमचा करेक्शन फॅक्टर, म्हणजे सेन्सरच्या आकड्याला ज्याने गुणायचं तो आकडा, पण फक्त त्याच जागेपुरता, त्याच धुळीपुरता. हवेत दमटपणा जास्त असेल तर आकडा उगाच फुगतो, म्हणून ह्युमिडिटी पण सोबत नोंदवा. आणि हो, पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) च्या आकड्यावर तर फारच कमी भरवसा, जाडे कण या सेन्सरना नीट दिसतच नाहीत.