कॅमेऱ्याची शिळी फ्रेम टाळायची असेल तर

इंदूरला सांवेर रोडवर शेव-नमकीनच्या पाकिटांचं सीलिंग तपासणारे कॅमेरे मी बसवते. कन्व्हेयर सेकंदाला अर्धा मीटर धावतो. फ्रेम १३० मिलिसेकंद जुनी निघाली, तर तेवढ्यात पाकीट साडेसहा सेंटीमीटर पुढे सरकलेलं असतं आणि हवेचा झोत भलत्याच, चांगल्या पाकिटाला उडवतो. एखादी फ्रेम सुटली तर मी चालवून घेते, शिळी मात्र मुळीच नाही.

लिनक्सच्या व्ही४एल२मध्ये (कॅमेऱ्याकडून फ्रेम घेण्याची व्यवस्था) रिकामा बफर, म्हणजे एक फ्रेम मावेल एवढी मेमरीतली जागा, क्यूबफ या कॉलने ड्रायव्हरला द्यायचा, भरलेला डीक्यूबफने काढायचा. भरलेले बफर ज्या क्रमाने भरले त्याच क्रमाने हाती येतात, खरी गोम इथे आहे. तपासणीला वेळ लागला की सगळे बफर भरून बसतात, नव्या फ्रेमला जागाच उरत नाही, आणि तुम्हाला मिळते ती सगळ्यात जुनी. अशा वेळी बफर वाढवले तर रांग आणखी लांबते.

म्हणून फ्रेम काढायला वेगळा थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) ठेवा आणि त्याला दुसरं काहीही काम देऊ नका. नवी फ्रेम आली की राखून ठेवलेली आधीची लगेच क्यूबफने परत करायची. तपासणीचा थ्रेड मोकळा झाला की राखलेली उचलतो. याला चार बफर पुरतात: एक तपासणीत, एक राखलेला, दोन ड्रायव्हरकडे. बफर मागायच्या रेक्बफ्स कॉलने चार मागितले तरी ड्रायव्हर कमी-जास्त देऊ शकतो, तेव्हा परत आलेला आकडा जरूर वाचा.

फ्रेमची नक्कल करू नका. १९२० बाय १०८० ची वाययूवायव्ही (दर पिक्सेलला दोन बाईट) फ्रेम ४१ लाख बाईटांहून मोठी असते. सुरुवातीलाच बफर एममॅप करा, म्हणजे ती मेमरी प्रोग्रामला थेट वाचता येते, आणि थ्रेडांमध्ये फक्त बफरचा क्रमांक फिरवा.

मग मोजा. बहुतेक ड्रायव्हर बफरवर मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणाऱ्या) घड्याळाची वेळ टाकतात (बफरचे फ्लॅग बघून खात्री करा). तपासणी सुरू करताना त्याच घड्याळाची वेळ घेऊन वजाबाकी करा, फ्रेमचं वय कळतं. बफरवरच्या सीक्वेन्समध्ये (फ्रेमच्या अनुक्रमांकात) आकडा गाळलेला दिसला तर फ्रेम सुटली आहे.

बफर नीट असूनही संध्याकाळी फ्रेमचा वेग पडला, तर उजेड बघा. अंधारात ऑटो एक्स्पोजर वाढून कॅमेरा स्वतःच मंदावतो. एक्स्पोजर मॅन्युअल करा आणि पट्ट्यावर चांगला एलईडी दिवा लावा.