कुळागरातला मोरचूद, मिठागरातले मीठ आणि अगरचा पूल

जस्त आणि तांबे यांच्यातले व्होल्टेज घरी मोजायचे तर त्यांच्या क्षारांची दोन द्रावणे एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत, पण त्यांच्यातली विजेची वाटही तोडायची नाही. हे काम चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळातले अगर, करते. गोठलेल्या अगरमध्ये बहुतांश पाणीच असते. ते पाणी हलत नाही, आयन (विद्युतभारित कण) मात्र त्यातून सरकतात. जिलेटिन घेऊ नका, आपल्याकडच्या मे महिन्यात ते पातळ होते. अगर एकदा गोठले की साधारण 85 अंशांपर्यंत वितळत नाही.

100 मिली पाण्यात 3 ग्रॅम चायना ग्रास बारीक कापून भिजवा आणि पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. मग 10 ग्रॅम मीठ घाला. मिठागरातले चालते, आधी गाळ काढा. पोटॅशियम क्लोराइड मिळाले तर उत्तमच, कारण त्याचे दोन्ही आयन जवळजवळ सारख्या वेगाने चालतात आणि मापात चूक कमी येते.

गवंड्यांच्या पारदर्शक लेव्हल पाइपचा वीतभर तुकडा यू आकारात वाकवा आणि सिरिंजने गरम अगर हळूहळू भरा. हा भरलेला पाइप म्हणजेच दोन द्रावणांना जोडणारा पूल. सगळी मेख इथेच आहे. माझ्या पहिल्या पुलात हरभऱ्याएवढा बुडबुडा राहिला होता आणि मीटरवरचे आकडे तासभर नाचत होते. वायर बदलल्या, मीटर बदलला. पाइप उजेडात धरायचे काही सुचले नाही. बुडबुडा दिसला तर सरळ नव्याने भरा. गोठल्यावर दोन्ही टोके ब्लेडने सपाट कापा.

एका काचेच्या ग्लासात 100 मिली पाणी आणि 2.5 ग्रॅम मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, कुळागरात, सुपारीच्या बागेत, फवारायच्या बुरशीनाशक बोर्डो मिश्रणातला), त्यात सोललेली तांब्याची तार. दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात 2.9 ग्रॅम झिंक सल्फेट, खताच्या दुकानातले 21 टक्केवाले, आणि जस्ताचा मुलामा असलेला खिळा. पूल दोन्हींत बुडवा. मल्टिमीटर 2 व्होल्टवर ठेवा, लाल वायर तांब्याला. आकडा 1.1 च्या आसपास स्थिरावेल. डॅनियलने 1836 मध्ये बनवलेला सेल याच जोडीचा. मीटर वीज जवळजवळ खेचत नाही, म्हणून जेलचा विरोध आड येत नाही.

आता मोरचुदाचे पाणी दसपट पातळ करा. सिद्धांताने आकडा सुमारे 30 मिलीव्होल्टने उतरायला हवा. प्रत्यक्षात त्याहून कमी उतरतो, कारण दाट द्रावणात तांब्याचे बरेच आयन सल्फेटला बिलगून असतात.

मोरचूद विषारी आहे. ही भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा ओहोळात ओतू नका.