हिरवं दिसतं म्हणून जमीन सुधारली असं नाही: वाळवंटीकरण मोजताना या चुका टाळा

फेब्रुवारीतलं उपग्रहचित्र पाहून नाशिक जिल्ह्यातल्या येवला-नांदगावची जमीन सुधारली असं ठरवणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्या महिन्यातला हिरवा रंग उन्हाळ कांद्याचा, गव्हाचा आणि द्राक्षबागांचा असतो आणि तो विहिरी-बोअरच्या पाण्यावर उभा असतो. पाणी दरवर्षी खोल गेलं तरी बोअर आटेपर्यंत चित्र हिरवंच राहतं. द्राक्षबागेत उलटा घोळ होतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर किंवा ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीनंतर लगेच घेतलेल्या चित्रात चांगली बाग ओसाड दिसते.

म्हणून बागायत क्षेत्र आधीच वेगळं काढा. तिथे हिरवाईपेक्षा भूजल पातळी जास्त सांगते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते, ती घ्या. जमिनीची खरी तब्येत कळते ती कोरडवाहू शेतात, गायरानात आणि माळावर.

जिल्ह्याची सरासरी काढू नका. १९९४च्या संयुक्त राष्ट्र करारानुसार शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या उपआर्द्र प्रदेशातली जमिनीची अवनती म्हणजे वाळवंटीकरण. वर्षाच्या पावसाला संभाव्य बाष्पोत्सर्जनाने (भरपूर पाणी असतं तर जमीन आणि झाडांतून जितकं पाणी वाफ होऊन गेलं असतं त्याने) भागल्यावर उत्तर ०.०५ ते ०.६५ च्या दरम्यान आलं, तर तो भाग या व्याख्येत बसतो. जास्त पावसाची इगतपुरी त्यात येत नाही. इगतपुरी आणि येवला एकत्र करून काढलेला आकडा कुठल्याच गावाला लागू पडत नाही.

दोन वर्षांची तुलना

२०१८ दुष्काळी होतं, २०१९ला पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला. ही दोन चित्रं शेजारी ठेवली तर फरक पावसाचा दिसतो, मातीचा नाही. किमान १०-१५ वर्षं घ्या. दरवर्षीच्या जून ते ऑक्टोबरच्या पावसासमोर त्या हंगामातला हिरवाई निर्देशांकाचा (एनडीव्हीआय) कमाल आकडा मांडा आणि पावसावरून अपेक्षित हिरवाई किती ते काढा. प्रत्यक्ष हिरवाई त्याहून कमी पडत चालली असेल, चांगल्या पावसाच्या वर्षीही, तर जमिनीतच बिघाड आहे. पाऊस शक्यतो महसूल मंडळनिहाय घ्या, तालुक्याचा नको.

काळ्या मातीचं गाव आणि मुरमाड गाव यांचीही तुलना करू नका. झाडोऱ्याचं झाकण तितकंच असलं तरी गडद मातीवर निर्देशांक जास्त येतो. प्रत्येक जमिनीची तुलना तिच्याच मागच्या वर्षांशी करा.

चित्रातला खोटा ऱ्हास

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं वापरणाऱ्यांनी इथे थांबून नीट वाचावं. २५ जानेवारी २०२२पासून या चित्रांच्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा केले नाहीत तर काय होतं पाहा: माळावर जवळच्या अवरक्त पट्ट्यात ३००० आणि लाल पट्ट्यात १५०० असेल, तर निर्देशांक (दोन्हींचा फरक भागिले बेरीज) ०.३३ येतो. तोच माळ ४००० आणि २५०० असा आला, तर ०.२३. गवताची एक काडीही कमी झालेली नसताना अहवालात २०२२पासून मोठी घसरण दिसते. गूगल अर्थ इंजिन या उपग्रहचित्रांच्या ऑनलाइन व्यासपीठावर 'हार्मोनाइज्ड' (ही वजाबाकी आधीच केलेला) संच घ्या, किंवा वजाबाकी स्वतः करा.

माळावर जाणं टाळू नका

वेडी बाभूळ आणि घाणेरी माजली की उपग्रहाला ती सुधारणा वाटते, पण गुरांना चारा उरत नाही. ५० मीटरची टेप ताणा आणि दर ५० सेंटिमीटरला टेपखाली काय आहे ते लिहा: मारवेल, पवना, कुसळी, झुडूप, दगड की उघडी माती. १०० बिंदू होतात, म्हणून मोजणी तीच टक्केवारी. टेपच्या दोन्ही टोकांना लोखंडी खुंटी ठोकून ठेवा आणि दरवर्षी ऑक्टोबरात, गवत पिवळं पडायच्या आत, तिथेच मोजा. कुसळी वाढून पवना-मारवेल कमी होत असेल तर चराई जास्त होतेय.

मातीचा कर्ब

इथे चुका सर्वांत जास्त होतात. खत-शिफारशीसाठी घेतलेला १५-२० सेंटिमीटरचा नमुना कर्बाचा साठा मोजायला चालत नाही. ३० सेंटिमीटरपर्यंत घ्या. नुसती टक्केवारीही पुरत नाही. ठरावीक आकारमानाच्या नळीने नमुना काढून १०५ अंशांवर २४ तास वाळवा आणि घनता काढा. ०.५ टक्के कर्ब × १.३ घनता (ग्रॅम प्रति घनसेंमी) × ३० सेंमी = हेक्टरी १९.५ टन. सिन्नरच्या पूर्वेकडच्या मुरमाड रानात २ मिमीहून मोठे खडे आकारमानाने ४० टक्के असले, तर खरा साठा फक्त ११.७ टन. खडे वगळायचे राहिले की साठा दीडपटीहून जास्त दिसतो. चुनखडीच्या जमिनीत नमुना जाळून कर्ब मोजणार असाल तर आधी आम्लप्रक्रिया करून घ्या, नाहीतर चुन्यातला कर्बही सेंद्रियात धरला जातो.

निफाडकडच्या कालव्याखालच्या क्षारपड जमिनीत आणखी एक गफलत होते. क्षार मोजणाऱ्या विद्युतवाहकतेची ४ (डेसिसायमन प्रति मीटर) ही मर्यादा संपृक्त लगद्याच्या, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीच्या, अर्कासाठी आहे. प्रयोगशाळेत माती आणि पाणी १:२.५ प्रमाणात घेतलं, तर अर्क पातळ होतो आणि आकडा बराच खाली येतो. तो ४ शी ताडून जमीन ठीक आहे असं लिहू नका. अहवालावर पद्धत लिहिलेली नसेल, तर प्रयोगशाळेला विचारून मगच आकडा वापरा.