'द्रुतगती मार्ग' लिहिताना आणि वापरताना या चुका टाळा

'दृतगती मार्गावर वाहतूक ठप्प' अशी ओळ वाचताना अनेकांना काहीच खटकत नाही, कारण मराठीत ऋ या स्वराचा उच्चार 'रु'सारखा होतो आणि त्यामुळे 'दृ' व 'द्रु' यांतला भेद कानाला कळत नाही. हिंदी भाषक 'ऋ'चा उच्चार 'रि' करतात, म्हणून त्यांना ही अडचण सहसा येत नाही. अशा वेळी शब्दाच्या धातूकडे वळावे. 'द्रुत' हे संस्कृतातील 'द्रु' म्हणजे धावणे, वाहणे, वितळणे या धातूचे रूप असून 'द्रव' हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. ऋकार असता तर 'दृश्'पासून जसे 'दर्शन' होते, तसा 'अर्' आला असता. 'द्रव' मिळाला नसता. विलंबित ख्यालानंतर गायक ज्या द्रुत लयीत शिरतो, तोच हा द्रुत. 'द्रूत' हे रूप तर सर्वथा अशुद्ध आहे.

वेलांटीची चूक त्याहून सार्वत्रिक आहे. तत्सम 'गति' हा शब्द मराठीत स्वतंत्रपणे 'गती' असा दीर्घ लिहितात, पण समासाचे पूर्वपद झाल्यास तो ऱ्हस्व राहतो, जसे 'गतिरोधक'. म्हणून 'द्रुतगती मार्ग' किंवा 'द्रुतगतिमार्ग' लिहावे, 'द्रुतगतीमार्ग' नको.

अर्थाचा घोटाळा मात्र शुद्धलेखनाइतका सहज सुटत नाही. 'द्रुतगती मार्ग' हा इंग्रजी 'एक्स्प्रेसवे'चा प्रतिशब्द, आणि त्यातील 'एक्स्प्रेस'चा एक जुना अर्थ 'मुद्दाम, खास त्याच कामासाठी' असा होता. वेगाची छटा पुढे आगगाड्यांमुळे ठळक झाली. मराठी प्रतिशब्दाने नेमका वेगच उचलला, आणि अशा रस्त्याचे खरे लक्षण, म्हणजे ठरावीक ठिकाणीच मिळणारा प्रवेश, शब्दाबाहेर राहिले. कळंबोली ते किवळे या सुमारे ९४.५ किलोमीटरच्या यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, रिक्षा आणि पादचारी यांना मनाई आहे. मुंबईतील पश्चिम द्रुतगती महामार्गावर मात्र दुचाकीही धावतात आणि रिक्षाही. उलट, नागपूर आणि मुंबई यांना जोडणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाच्या नावात 'द्रुतगती' नाही, तरी तो प्रवेशनियंत्रितच आहे, आणि नुसते 'महामार्ग' वाचून दुचाकी घेऊन निघालेल्याला तिथेही प्रवेश नाही.