‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणण्याआधी या चुका टाळा

“डॉक्टर, नाकाचं हाड वाढलंय, कापून टाका.” सोलापुरात कान-नाक-घशाच्या ओपीडीत बसलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. हाड बहुधा वाढलेलं नसतंच. दोन नाकपुड्यांमधला पडदा, जो पुढे कूर्चेचा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भागाचा) आणि मागे हाडाचा असतो, तो वाकलेला असतो. तसा थोडाफार वाकडा पडदा बहुतेकांचा असतो. श्वासाला अडथळा नसेल, तर नुसता स्कॅनमध्ये वाकडा दिसला म्हणून ऑपरेशन कशाला?

दुसरी फसगत आरशासमोर होते. मोबाईलचा टॉर्च मारला की नाकात बाहेरच्या भिंतीला लालसर मांस दिसतं आणि ‘कोंब आला’ म्हणून माणूस घाबरतो. बहुतेक वेळा तो खालचा टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या भिंतीवरचा मांसल उंचवटा असतो आणि तो सगळ्यांनाच असतो. आत येणारी हवा तो उबदार, ओलसर करतो. दर काही तासांनी एका बाजूचा फुगतो, दुसऱ्या बाजूचा ओसरतो. म्हणून नाकपुड्या आलटून पालटून चोंदणं हा आजार नव्हे. टर्बिनेट मुळासकट काढायचा हट्ट तर धरूच नका. वाट रुंद होते, पण नाक कोरडं पडून खपल्या धरतात आणि एवढं करून काहींना नाक चोंदल्यासारखंच वाटत राहतं. त्यात आपला मे महिना!

यंत्रमागावर सुताच्या धुळीत काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं: ऑपरेशनने पडदा सरळ होतो, ॲलर्जी जात नाही. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब आठवड्यापुढे चालू ठेवले, तर त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं.

घोळणा फुटला की मान मागे टाकून कांदा हुंगवतात. रक्त घशात उतरतं, बाकी काही नाही. पुढे वाका आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा; वरचं हाड दाबून उपयोग नाही, कारण रक्त बहुधा पडद्याच्या पुढच्या भागातून येतं.

सगळ्यात महागात पडते ती मार लागल्यावरची दिरंगाई. कबड्डीत कोपर बसलं, एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, की पोराला घरी नेतात. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; ती वरच्या आवरणावर जगते. दोहोंच्या मध्ये रक्त साठलं की तिचं पोषण तुटतं आणि दोन-तीन दिवसांत ती मरू लागते. पुढे नाक मधोमध खचतं. मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या गच्च झाल्या, आत मऊ फुगवटा दिसला, तर त्याच दिवशी दाखवा, रविवार असला तरी.