राष्ट्रीय उद्यानातली रात्र: शेकोटी सगळ्यात शेवटी

उद्यानातल्या मुक्कामाची संध्याकाळ बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने वाया जाते. सूर्य मावळला की शेकोटी पेटते, मग जेवण, मग कुणीतरी म्हणतं 'चला, तारे बघू', आणि पाच मिनिटांत 'काहीच दिसत नाही' म्हणत सगळे खोलीत परततात. आकाशाचा यात काही दोष नसतो. उजेडात बसलेल्या डोळ्यांना अंधाराला सरावायला किमान वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एकदा सरावलेले डोळे पांढऱ्या टॉर्चच्या एका झोताने परत पहिल्यापाशी येतात. म्हणून कार्यक्रम उजेडाच्या हिशेबाने लावायचा: बिनउजेडाची कामं आधी, उजेडाची नंतर, शेकोटी सगळ्यात शेवटी.

त्याआधी एक चौकशी. बऱ्याच उद्यानांत अंधार पडल्यावर आवाराबाहेर पायी जायला बंदी असते, आणि ती योग्यच आहे. पुढचं सगळं कुंपणाच्या आत, मुक्कामाच्या जागेपाशी करता येतं. आवारातले कोणते दिवे किती वाजेपर्यंत बंद ठेवता येतील, हे दुपारीच विचारून ठेवा. रात्री ऐनवेळी स्विच कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं.

तारीख ठरवायची मोकळीक असेल तर अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्तालाच उगवतो आणि नंतर रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. त्यामुळे कृष्ण पंचमी-षष्ठीनंतर रात्रीचे पहिले काही तास काळोखाचे मिळतात. शुक्ल पक्षातली सप्तमी-अष्टमी पदरात पडली तरी हरकत नाही. तेव्हा चंद्रच बघा. उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, पौर्णिमेच्या चंद्रावर त्या जवळजवळ नाहीशा होतात.

सूर्यास्तानंतरचा पहिला अर्धा तास उघड्या जागेत किंवा पाणवठ्याकडे तोंड करून बसा. वटवाघळं याच वेळी बाहेर पडतात. मावळतीचं उजळ आभाळ त्यांच्या मागे येईल असं बसलात तर त्यांची काळी आकृती स्पष्ट दिसते. लहान वटवाघळांचे बहुतेक आवाज आपल्या ऐकण्याच्या पलीकडे, वीस किलोहर्ट्झच्या वर असतात. बॅट डिटेक्टर (हे आवाज आपल्याला ऐकू येतील असे करणारं यंत्र) असेल तर पंचेचाळीस किलोहर्ट्झच्या आसपास लावून सुरुवात करा आणि हळूहळू खाली-वर फिरवा. किडा पकडायच्या क्षणी टकटक एकदम वेगवान होते, ती ऐकण्यासारखी असते. यंत्र नसेल तर नुसते कान द्या. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, तळवे कानामागे द्रोणासारखे धरायचे आणि ऐकू आलेल्या प्रत्येक आवाजाच्या दिशेला बोट दाखवायचं. मुलं यात मोठ्यांना सहज हरवतात. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू मात्र नका. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय असं समजून पक्षी उगाच दमतो.

संधिप्रकाश पूर्ण जायला सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश जावा लागतो. उष्ण कटिबंधात त्याला सव्वा तास पुरतो, ध्रुवांकडे जाल तसा वेळ वाढतो. आता सतरंजी पसरून आडवे व्हा. उभं राहून मान वर केली की दहा मिनिटांत मान धरते. पायाखालची वाट दिसायला लाल उजेड वापरा, तोही मंद. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर रबरबँडने बांधले की काम होतं. लाल दिव्याच्या हेडलॅम्पची एक खोड लक्षात ठेवा: बटण दाबलं की काही हेडलॅम्प आधी पांढराच लागतात, म्हणून तोंड जमिनीकडे करूनच चालू करा. मोबाइल खिशात.

सुरुवात नुसत्या डोळ्यांनी. अंधुक गोष्ट बघताना थेट तिच्याकडे न बघता किंचित बाजूला बघा, कारण अंधारात काम करणाऱ्या पेशी दृष्टीच्या मध्यबिंदूवर नसतात. मग द्विनेत्री दुर्बीण, सात गुणिले पन्नास किंवा दहा गुणिले पन्नास (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा). कोपर छातीला टेकवून किंवा भिंतीचा आधार घेऊन धरली तर गुरूचे चार चंद्र दिसतात. हात हलला की त्यांच्या जागी रेघा दिसतात. फोटोसाठी ट्रायपॉड, हाताने केलेला फोकस आणि दोन सेकंदांचा टायमर हवा. पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरमधल्या फोकल लेंथने (लेन्सवर लिहिलेली असते) भागा. येईल तितके सेकंद शटर उघडं ठेवलं तर फुलफ्रेम कॅमेऱ्यात तारे फारसे लांबत नाहीत, म्हणजे वीस मिलिमीटरला पंचवीस सेकंद. अर्ध्या तासाने फोटो धुरकट यायला लागले तर लेन्सवर दव साचलंय का ते आधी बघा.

यानंतर उजेडाची कामं. त्यातलं सगळ्यात भरगच्च म्हणजे पतंगांचा पडदा, म्हणजे उजेडाकडे आलेले पतंग-किडे बसायची चादर. पांढरी सुती चादर दोरीवर ताणून बांधा, खालची हातभर कड जमिनीवर पुढे पसरून वर दगड ठेवा, कारण बरेच कीटक खालीच बसतात. अतिनील दिवा चादरीपुढे फूटभर, डोक्याच्या उंचीवर टांगा आणि त्याच्याकडे टक लावून बघू नका. पाऱ्याचा दिवा वापरत असाल तर पावसाचा थेंब पडून तापलेली काच तडकते, वर आडोसा हवाच. उबदार, दमट, वारा पडलेली रात्र उत्तम. वारा असेल तर चादरीवर जवळपास काही येत नाही. पडदा तारे बघायच्या जागेपासून लांब, इमारतीच्या पलीकडे लावा. अंगावर बसलेला किडा चिरडू नका, फुंकरीने उडवा. काही भुंगेऱ्यांच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. दोन-अडीच तासांनी दिवा बंद करून चादर पाव तास अंधारात तशीच ठेवा, मग हलकेच झटका. रात्रभर दिवा चालू ठेवला तर पहाटे पक्ष्यांना आयती मेजवानी.

विंचू अतिनील उजेडात चमकतात, म्हणून ते शोधायचे तर ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च घ्या. ३९५ची स्वस्त टॉर्चही चालते, पण तिचा जांभळा उजेडच इतका असतो की विंचवाची हिरवट चमक त्यात बुडते. भिंतीचे पायथे, झाडांच्या साली, दगडांच्या फटी लांबूनच न्याहाळा. बूट बंद हवेत, दगड हाताने उचलायचा नाही आणि विंचू सापडला की काही सेकंदांत झोत बाजूला घ्यायचा. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही. साबणाने धुतलेला पांढरा सदरा मात्र विंचवाहून झगझगीत दिसतो.

साध्या टॉर्चने गवतातले कोळीही सापडतात, फक्त टॉर्च कानशिलाजवळ धरावी लागते. त्यांच्या डोळ्यांतून उजेड आला त्याच वाटेने परत जातो. कमरेपाशी टॉर्च धरून फिरणाऱ्याला काही दिसत नाही. घुबड, रातवा किंवा हरणांच्या डोळ्यांत झोत रोखू नका.

आता शेकोटी, परवानगी असेल तर आणि ठरवलेल्या कुंडातच. जंगलातली वाळकी लाकडं गोळा करायची नाहीत, तीही कुणाचं तरी घर असतात. ज्वाळा गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. विझवताना माती टाकू नका, मातीखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. वर तळहाताची मागची बाजू धरून ऊब लागत नाही असं झालं की उठा.