नीलमच्या अंगठीचा खडा सैल झाला आहे का, हे घरीच पाहा

नीलम मोहस काठिण्यमापनात 9 वर, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल असल्यामुळे रोजच्या वापराने सहसा झिजत नाही; झिजतात ती त्याला धरून ठेवणारी सोन्याची बारीक टोके, आणि खडा हरवतो तो बहुधा त्यामुळेच.

1. अंगठी प्रथम वाटीतील कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने, विशेषतः खड्याच्या मागील बाजूने, स्वच्छ करावी. तिथे साचलेली वाळकी कणीक सैल खड्यालाही घट्ट धरून ठेवते आणि तपासणी फसते.
2. कोरडी झाल्यावर कानाजवळ धरून टिचकी मारावी. बारीक खुळखुळ ऐकू आल्यास खडा सैल आहे.
3. जुन्या रेशमी कापडावरून फिरवावी. धागा अडकल्यास टोक उचलले गेले आहे.

यांपैकी काहीही आढळल्यास अंगठी लगेच काढून ठेवावी आणि गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, नेहमीच्या सराफाकडून टोके दाबून किंवा भरून घ्यावीत. नवा खडा बसवण्यापेक्षा हे काम फारच स्वस्त पडते.

खड्याच्या भेगांत काच भरलेली असल्यास लिंबाच्या रसानेही ती खराब होते, म्हणून खरेदीच्या वेळीच तसे विचारून पावतीवर लिहून घ्यावे.